सर्वकालीन वनडे संघ आणि १९९६ चा न मिटलेला हिशेब

वनडेचा सर्वकालीन संघ निवडायचा तर आधी तो कशावरून निवडायचा हे ठरवावं लागतं, आणि वाद तिथूनच सुरू होतो. कारकिर्दीतल्या सगळ्या धावा-बळी धरले तर एक संघ निघतो, फक्त विश्वचषकातली कामगिरी धरली तर दुसराच. तेंडुलकर आणि वसीम अक्रम दोन्हीकडे असतात. खालच्या क्रमांकांवरची नावं मात्र भराभर बदलतात.

मायकेल बेव्हनची कारकिर्दीची सरासरी ५३.५८, म्हणून पहिल्या यादीत तो सहाव्या क्रमांकावर जवळजवळ फुकटात बसतो. पण ज्या खेळीने त्याचं नाव झालं, ती १ जानेवारी १९९६ ची सिडनीतली नाबाद ७८, शेवटच्या चेंडूवर चौकार मारून जिंकून दिलेली, तिरंगी मालिकेतली होती. विश्वचषकापुरतं बोलायचं ठरलं की ती बाद. एप्रिल १९९८ मध्ये शारजात तेंडुलकरने केलेली १४३ आणि १३४ ही शतकंही तशीच बाद. व्हिव्ह रिचर्ड्सची ओल्ड ट्रॅफर्डवरची नाबाद १८९ तर द्विपक्षीय मालिकेतली. वकार युनूसच्या खात्यात ४१६ बळी, पण १९९२ च्या विश्वचषकाला दुखापतीमुळे तो मुकला आणि या हिशेबात मागेच राहिला.

आपल्याकडची जोडी घ्या. अजित आगरकरच्या कारकिर्दीत २८८ बळी आणि २१ चेंडूंतलं अर्धशतक. २००३ च्या विश्वचषकात मात्र तो संघासोबत गेला आणि एकही सामना न खेळता परतला. श्रीरामपूरच्या झहीर खानचं उलटं. एरवी त्याची सरासरी तिशीच्या आसपास, विश्वचषकात २३ सामन्यांत ४४ बळी आणि सरासरी विशीची. २००३ च्या अंतिम सामन्यातल्या पहिल्या षटकात त्याने १५ धावा दिल्या हे सगळ्यांना आठवतं. त्या स्पर्धेत त्याने १८ बळी घेतले होते, हे सांगावं लागतं.

सुरुवातीच्या स्पर्धांचे आकडे या तुलनेत फारसे उपयोगी पडत नाहीत. १९७५ ला विजेत्या संघाला एकूण पाचच सामने खेळावे लागले. साठ षटकं, लाल चेंडू, पांढरे कपडे. गॅरी गिलमूर दोन सामने खेळला, त्यांत त्याने ११ बळी घेतले आणि तेवढ्यावर स्पर्धेतला सर्वाधिक बळींचा गोलंदाज ठरला. उपांत्य सामन्यात १४ धावांत ६, अंतिम सामन्यात ४८ धावांत ५. आता याला सर्वकालीन संघात कुठे बसवणार? त्याच अंतिम सामन्यात रिचर्ड्सच्या क्षेत्ररक्षणामुळे तिघे धावचीत झाले, पण धावफलकात क्षेत्ररक्षकाच्या नावाने तसा रकाना नव्हता. गावसकरांच्या १७४ चेंडूंतल्या नाबाद ३६ बद्दल आजवर इतकं बोलून झालंय की इथे नुसता उल्लेख पुरे. बारा वर्षांनी नागपुरात त्यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, तेही अंगात ताप असताना. हे त्याच माणसाचं विश्वचषकातलं दुसरं टोक.

१९८३ मध्ये स्पर्धेचा मानकरी असा किताबच नव्हता. असता तर कोणाला दिला असता यावर अजून तासभर वाद घालता येतो. कपिलच्या ३०३ धावा, १२ बळी आणि ती टनब्रिज वेल्सची नाबाद १७५. रॉजर बिन्नीचे स्पर्धेतले सर्वाधिक १८ बळी. मोहिंदर अमरनाथ तर उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांचा सामनावीर. तो निवाडा कोणी केला नाही, त्यामुळे १९८३ चे सगळेच नायक राहिले. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत रवी शास्त्रीला ऑडी मिळाली आणि एका स्पर्धेचा एक हिरो ही कल्पना आपल्याकडे घरोघरी पोचली. विश्वचषकात ती अधिकृतपणे १९९२ ला आली. पहिला मान मार्टिन क्रोला: ४५६ धावा, सरासरी ११४, शिवाय फिरकी गोलंदाजाकडून गोलंदाजीची सुरुवात करून घेणारा कर्णधार. त्याचा संघ उपांत्य फेरीत हरला, तरी कोणी तक्रार केली नाही.

तक्रार चार वर्षांनी झाली आणि ती अजून मिटलेली नाही. १९९६ चा स्पर्धेचा मानकरी ठरला सनथ जयसूर्या. सर्वकालीन संघांच्या याद्यांत तो सलामीला येतो तो बहुतेक या एका निर्णयाच्या जोरावर, म्हणून त्याचे डाव एकेक करून पाहायला हवेत.

श्रीलंका त्या स्पर्धेत प्रत्यक्ष सहाच सामने खेळली. दोन संघांनी सुरक्षेचं कारण देऊन कोलंबोला यायचं नाकारलं आणि श्रीलंकेला पुढे चाल मिळाली. या सहा सामन्यांत जयसूर्याच्या धावा अशा: झिम्बाब्वेविरुद्ध ६, दिल्लीत भारताविरुद्ध ७९, केनियाविरुद्ध ४४, फैसलाबादला इंग्लंडविरुद्ध ८२, ईडन गार्डन्सवर भारताविरुद्ध १, लाहोरला अंतिम सामन्यात ९. बेरीज २२१. त्याच स्पर्धेत तेंडुलकरच्या ५२३ धावा, मार्क वॉच्या ४८४ आणि अरविंद डिसिल्व्हाच्या ४४८. म्हणजे मानकऱ्याच्या धावा पहिल्या क्रमांकाच्या निम्म्याही नाहीत.

बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की बेरीज बघू नका, वेग बघा. जयसूर्याचा स्ट्राइक रेट १३१ च्या पुढे होता, आणि त्या काळात शंभर चेंडूंत ऐंशी धावा काढणारा फलंदाज झपाट्याने खेळणारा मानला जाई. २ मार्चला दिल्लीत भारताने २७१ धावा केल्या, त्यांत तेंडुलकरच्या १३७. तेव्हा अशी धावसंख्या झाली की प्रेक्षक निम्मा सामना जिंकल्यासारखे निर्धास्त बसत. श्रीलंकेने पहिल्या तीन षटकांत ४२ काढल्या. मनोज प्रभाकरला त्याच्या घरच्या मैदानावर असा मार पडला की दुसऱ्या हप्त्यात तो ऑफस्पिन टाकायला लागला. ४ षटकं, ४७ धावा, आणि तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. एका डावाने एका गोलंदाजाची कारकीर्द संपवली, असं तेव्हा म्हटलं गेलं. फैसलाबादला तर ४४ चेंडूंत ८२.

इथपर्यंत ठीक. पण सलामीच्या वादळी जोडीने विश्वचषक जिंकून दिला, ही जी गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते ती आकड्यांत टिकत नाही. जोडीतला दुसरा, रोमेश कालूवितरणा, सहा डावांत मिळून ७३ धावा करू शकला. उपांत्य सामन्यात श्रीनाथच्या पहिल्याच षटकात दोघेही थर्डमॅनला झेल देऊन परतले, तेव्हा फलकावर जेमतेम एक धाव लागली होती. अंतिम सामन्यातही २३ धावांत दोघे गेलेले. दोन्ही वेळा आत आला तो अरविंद डिसिल्व्हा. ईडनवर ४७ चेंडूंत ६६, आणि त्या खेळीत फटक्यांची घाई कुठेच दिसत नव्हती, चेंडू नुसता मोकळ्या जागेत जात होता. लाहोरला आधी ४२ धावांत ३ बळी, दोन झेल, मग नाबाद १०७. बाद फेरीतले तीन सामने धरले तर त्याच्या २०४ धावा आणि जयसूर्याच्या ९२, आणि त्या ९२ पैकी ८२ एकाच डावात.

जयसूर्याच्या बाजूने खरा भक्कम पुरावा आहे तो त्याच्या गोलंदाजीचा, आणि तोच नेमका कोणी पुढे करत नाही. ईडनची खेळपट्टी दुसऱ्या डावात फुटली होती. भारत १ बाद ९८ वर असताना त्याच्या चेंडूवर तेंडुलकर ६५ वर यष्टिचीत झाला. पुढे मांजरेकर आणि जडेजाचा त्रिफळा त्यानेच उडवला. सात षटकांत १२ धावा देऊन ३ बळी. ८ बाद १२० झाल्यावर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. जयसूर्याला मानकरी ठरवायचंच होतं तर अष्टपैलू म्हणून ठरवता आलं असतं. पण गाजावाजा झाला तो फटकेबाजीचा, तोही पहिल्या पंधरा षटकांचा शोध जणू श्रीलंकेनेच लावला अशा थाटात. पहिल्या पंधरा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, ही बंधनं १९९२ च्या विश्वचषकातही होती आणि न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅचने त्यांचा तसाच फायदा उठवला होता. श्रीकांत तर बंधनांची वाट न बघता तसं खेळत आला होता.

मुंबईकरांना वाटतं तो किताब तेंडुलकरचा होता. वाटणं स्वाभाविक आहे. त्या स्पर्धेत तो वानखेडेवर ९० वर असताना मार्क वॉच्या वाइड चेंडूवर यष्टिचीत झाला, ते अजून अनेकांच्या घशाखाली उतरलेलं नाही. पण प्रामाणिकपणे हिशेब मांडला तर त्या वर्षी पुढचं नाव अरविंद डिसिल्व्हाचं येतं. सर्वकालीन संघांच्या याद्यांत त्याचं नाव क्वचितच दिसतं, हा त्या निर्णयाचा खरा परिणाम. विश्वचषकातल्या एकूण धावा पाहिल्या तर जयसूर्याच्या ११६५, सरासरी ३४. बरी आहे, पण सर्वकालीन संघातली जागा मिळावी अशी नाही. किताब काढून घ्या आणि मग बघा किती जण त्याला सलामीला पाठवतात.

१९९९ ला लान्स क्लुसनर मानकरी झाला तेव्हा धावांची बेरीज पुन्हा मागे पडली. २८१ धावा, १७ बळी, आणि दोनदाच बाद झाल्यामुळे सरासरी १४०.५०. सर्वाधिक ४६१ धावा द्रविडच्या होत्या. यावर मात्र कोणी हरकत घेतली नाही. क्लुसनरने जे केलं ते प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि उपांत्य सामन्यात अखेरीस जोडीदार डोनाल्ड धावचीत झाल्यामुळे सहानुभूतीही त्याच्याच बाजूला होती.

सर्वकालीन संघाचा सगळ्यात गाजलेला अधिकृत प्रयत्न जानेवारी २०११ मधला. पहिल्या वनडेला चाळीस वर्षं झाली म्हणून चाहत्यांकडून ऑनलाइन मतं मागवली गेली. निघालेला संघ: तेंडुलकर, सेहवाग, लारा, रिचर्ड्स, पाँटिंग, गिलख्रिस्ट, कपिल, अक्रम, मॅकग्रा, डोनाल्ड, मुरलीधरन. बेव्हन बारावा. अकरा जणांत १९८३ किंवा त्याआधीचा विश्वचषक खेळलेले दोघेच, रिचर्ड्स आणि कपिल. वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज जोएल गार्नर याची वनडेतली सरासरी १८.८४, षटकामागे धावा तीनच्या जरा वर, शिवाय १९७९ च्या अंतिम सामन्यात ३८ धावांत ५ बळी. त्याला जागा नाही. त्याच संघाचे सलामीवीर ग्रीनिज नाही, हेन्स नाही. मत देणाऱ्यांनी ज्यांना टीव्हीवर पाहिलं त्यांना निवडलं. आणि तीन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत सलामीला येऊन ५४, ५७ आणि १४९ करणारा गिलख्रिस्ट सहाव्या क्रमांकावर ढकलला गेला.

त्यानंतर प्रत्येक विश्वचषक संपला की माजी खेळाडू आणि समालोचकांची समिती ‘स्पर्धेचा संघ’ जाहीर करते. सर्वकालीन संघ जुळवणाऱ्यांना हा आयता कच्चा माल मिळाला. या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गंमत दिसते. २०११ चा कर्णधार संगकारा, २०१५ चा मॅक्युलम, २०१९ चा विल्यमसन, २०२३ चा रोहित शर्मा. चौघेही अंतिम सामना हरलेले. वानखेडेवर नाबाद ९१ करून कप उचललेला धोनी २०११ च्या संघात नव्हता. अंतिम सामन्याआधी त्याच्या खात्यात १५० च धावा होत्या, त्यामुळे आकड्यांनी हे बरोबरही आहे. २०२३ ला या संघात सहा भारतीय आणि विजेत्या ऑस्ट्रेलियाचे फक्त दोघे, मॅक्सवेल आणि झाम्पा. अहमदाबादला १३७ करून अख्ख्या देशाला गप्प करणारा ट्रॅव्हिस हेड नाही, कमिन्सही नाही. महिलांच्या २०२५ च्या स्पर्धेतही तेच झालं. नवी मुंबईत कप जिंकला हरमनप्रीतने, स्पर्धेच्या संघाची कर्णधार झाली हरलेल्या दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ड. (महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ चा, पुरुषांच्या दोन वर्षं आधीचा. सर्वकालीन संघ म्हटलं की तरीही पुरुषांचाच समजला जातो.)

गेल्या काही वर्षांत फॅन्टसी अॅपच्या गुणपद्धतीने यात आणखी गोंधळ घातला. धाव, बळी, झेल या सगळ्यांना गुण म्हटल्यावर अष्टपैलू आपोआप वर जातात. २०१९ मध्ये ६०६ धावा आणि ११ बळी घेणारा शाकिब अल हसन अशा हिशेबात कोणत्याही काळातल्या कोणालाही भारी पडतो, मग त्याचा संघ उपांत्य फेरीच्या जवळही गेलेला नसो.

नुसत्या बेरजेची अडचण याहून जुनी आहे. १९९२ आणि १९९९ च्या अंतिम फेरीतले संघ दहा सामने खेळले, १९९६ चे सहा-सात (श्रीलंका सहा, ऑस्ट्रेलिया सात), २००३ पासून पुष्कळदा अकरा. मॅकग्राचे २००७ चे २६ बळी ११ सामन्यांत, स्टार्कचे २०१९ चे २७ बळी १० सामन्यांत, शमीचे २०२३ चे २४ फक्त ७ सामन्यांत. कोहलीच्या ७६५ धावा तेंडुलकरच्या ६७३ च्या पुढे गेल्या, सामने दोघांचेही अकरा. पण कोहलीच्या वेळी दोन्ही टोकांना वेगवेगळे नवे चेंडू होते आणि मधल्या षटकांत सीमारेषेवर एक क्षेत्ररक्षक कमी होता. त्यामुळे चेंडू जुना झाल्यावर मिळणारा रिव्हर्स स्विंग जवळपास संपलेला. कोणाचं काम सोपं होतं हे त्यावरून ज्याचं त्याने ठरवावं. विश्वचषकातल्या एकूण धावांवरच सलामीची जोडी लावली तर तेंडुलकर २२७८ आणि रोहित १५७५, म्हणजे दोन्ही टोकांना मुंबईच. आमची काही हरकत नाही, पण यष्टिरक्षक सलामीला हवा असणाऱ्यांचा गिलख्रिस्टसाठीचा हट्ट अधिक रास्त आहे.

२०२७ ची स्पर्धा दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात १४ संघांची होणार आहे. सात-सातचे दोन गट आणि पुढे सुपर सिक्स, २००३ सारखी. म्हणजे दुबळ्या संघांविरुद्ध धावा आणि बळी गोळा करायला पुन्हा जागा आहे, आणि एकूण बेरजेवर संघ निवडणाऱ्यांना आपल्या याद्या तेव्हा परत मांडाव्या लागतील.