‘चुकून घेतलं’ : एका उत्तराची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याचा अपघात विभाग घ्या. रात्री मोहोळकडून किंवा अक्कलकोटकडून जीप येते, जीव द्यायला विषारी औषध घेतलेल्या रुग्णाला स्ट्रेचरवर घेतात आणि केसपेपर काढणारा विचारतो, काय झालं? उत्तर बहुतेक वेळा गाडीतच ठरलेलं असतं : “चुकून घेतलंय, साहेब. खोकल्याचं समजून.” आपल्याकडे फवारणीचंही ‘औषध’च आणि पोटात घ्यायचंही ‘औषध’च, त्यामुळे ही सबब तोंडात चपखल बसते. डॉक्टरांना खरं काय ते कळलेलं असतं. तरी कागदावर ‘चुकून’ लागतं आणि पुढची सगळी मदत त्या एका शब्दावर अडते.

या उत्तराचं मूळ १८६० च्या भारतीय दंड संहितेत आहे. १८६२ पासून अमलात आलेल्या या संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात तुरुंगात जाणारे थोडेच, पण पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, वकील, ‘केस मिटवायला’ होणारा खर्च आणि गावभर होणारी चर्चा यांची धास्ती घराघरात बसली. कायदा आयोगाने १९७१ मध्येच हे कलम काढायची शिफारस केली होती. १९८६ मध्ये एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. निकाल देणारे न्या. पी. बी. सावंत पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं, आणि १९९६ मध्ये घटनापीठाने पुन्हा उलटं. २००८ मध्ये कायदा आयोगाने दुसऱ्यांदा शिफारस केली. या येरझाऱ्यात खेड्यापर्यंत पोचली ती एकच गोष्ट : पोलीस केस होते.

खरा बदल मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने केला. तो २९ मे २०१८ ला लागू झाला. त्याच्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं. उलटं सिद्ध झाल्याशिवाय खटला नाही, शिक्षा नाही. शिवाय उपचार आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि ३०९ उरलंच नाही. मागे राहिलं ते कलम २२६ : सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की कलेक्टर कचेरीत ‘आत्मदहनाचा इशारा’ देणाऱ्या निवेदनांची जी चळत लागते, तिच्याशी या कलमाचा संबंध. घरात खचून गेलेल्या माणसाशी नाही.

गोंधळ अजून होतो तो ‘एमएलसी’मुळे. अशा रुग्णाची मेडिको-लीगल नोंद होते, पोलीस येऊन जबाब घेतात. नातेवाईक त्यालाच गुन्हा समजतात. एमएलसी ही नोंद आहे, आरोप नव्हे. ती व्हायच्या आधी उपचार सुरू करायला कोणताही डॉक्टर, खासगी असो की सरकारी, बांधील आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. ‘आधी पोलीस, मग सलाईन’ असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे, हे सोबतच्या माणसाला माहीत असलेलं बरं.

खोटं सांगण्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिली तासाभरातच : काय घेतलं, किती, केव्हा, हे लपवलं तर उपचाराची दिशा चुकते. डबा, बाटली किंवा पाकीट सोबत न्यावं, निदान लेबलचा फोटो तरी. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. ते फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा. दुसरी किंमत तिसऱ्या-चौथ्या दिवशी : कागदावर ‘चुकून’ असेल तर मानसोपचार विभागाकडे पाठवायचं कारणच उरत नाही. रुग्ण चालायला लागला की घरचे ‘डामा’ घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून डिस्चार्ज. तिसरी किंमत त्यानंतरच्या आठवड्यांत. एका प्रयत्नानंतर दुसऱ्याचा धोका वाढलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच घरात त्या विषयाला कुलूप लागलेलं असतं.

फोनवरच्या मदतीचा इतिहास निराळा आहे. तो दवाखान्यातून आलाच नाही. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूने खचलेल्यांसाठी एक टेलिफोन सुरू केला. भेटायला आलेल्यांना बाहेर बसवून चहा देणारे स्वयंसेवक होते. बरेच जण त्यांच्याशीच बोलून हलके होऊन परत जातात, हे लक्षात आल्यावर फेब्रुवारी १९५४ मध्ये त्याने काम स्वयंसेवकांच्या हाती दिलं. सल्ला नाही, उपदेश नाही, ऐकणं. भारतात याच धर्तीवर चेन्नईत १९८६ मध्ये ‘स्नेहा’, नवी मुंबईत १९९८ मध्ये ‘आसरा’ आणि पुण्यात २००५ मध्ये ‘कनेक्टिंग’ उभी राहिली. सोलापूरकराला मात्र हे नंबर बराच काळ परगावचे होते. एसटीडी बूथमधून लावायचे तर समोर मीटरचे लाल आकडे पळतायत आणि काचेपलीकडे बूथवाला बसलाय. अशा ठिकाणी मनातलं कोण बोलणार?

सरकारी पातळीवर सप्टेंबर २०२० मध्ये ‘किरण’ ही हेल्पलाइन आली आणि १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेलि-मानस’. तिचा नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत. सुरुवातीला भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी सेवेचा पत्ता सांगतो. सोलापुरात भाषेचा पर्याय ही शोभेची गोष्ट नाही. पूर्व भागात यंत्रमागावर किंवा विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या आज्जीचं घरातलं बोलणं तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणखी कुठे उर्दू. बाजारापुरतं मराठी वेगळं आणि ‘जगावंसं वाटत नाही’ हे सांगायचं मराठी वेगळं. या चारही भाषा टेलि-मानसवर आहेत, मागून घ्याव्यात.

फोनच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. घरात एकच मोबाईल आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असेल तर नंबर पाठ असून उपयोग नाही. अशा वेळी आशा सेविकेने किंवा शेजारणीने आपला फोन हातात देऊन बाजूला उभं राहणं, ही साधी सोय जास्त कामाची. समुपदेशक दारात येऊ शकत नाही. आत्ता, या घटकेला जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा १०८ लावायचा, माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि घातक वस्तू त्याच्या हाताशी राहू द्यायच्या नाहीत. मुलांसाठी १०९८ आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७.

‘हल्ली कशानं होतं हे?’ या प्रश्नाला वर्तमानपत्रांचं उत्तर ठरलेलं : कर्ज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात आत्महत्येने झालेले १,७०,९२४ मृत्यू आहेत. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. कारणांत कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के. अर्थात हे रकाने पोलिसी नोंदीचे. एका रकान्यात एक कारण बसवावं लागतं, आणि माणसाचं तसं नसतं. गिरण्या बंद पडल्यावर ज्या घरांचा भार बाईच्या विडीवर आला, तिथे गटाचा हप्ता, दारू आणि दुखणं वेगळं काढून दाखवता येत नाही. त्यातला एखादा पीळ मात्र सोडवता येतो. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तो माहीत असलेल्या गल्लीत वसुलीवाल्याचा सूर बदलतो.

ज्याच्यावर भक्कम पुरावा आहे ते काम अगदी साधं आहे, आणि तेच सर्वांत कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच शहरांत प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना डिस्चार्जच्या सुमारास तासभर समजावणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा संपर्क : पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. संपर्कात ठेवलेल्यांत आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के झाले, दुसऱ्या गटात २.२ टक्के. या वेळापत्रकाला यंत्र लागत नाही, वही लागते. पण डिस्चार्ज कार्डावर नाव ‘चुकून’ घेणाऱ्याचं असेल तर ते वहीत चढणार कसं?

मृत्यू झाल्यावर त्याच शब्दाचं दुसरं रूप सुरू होतं. परगावच्या पाहुण्यांना ‘अटॅक आला’ असं कळवलं जातं. ही लाज दंड संहितेहून कितीतरी जुनी आहे. स्वतःहून देह टाकणाऱ्याला उदकक्रिया नाही, असं मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. पुढे नारायणबलीची वाट निघाली, ती अशाच घरांना विधीत परत घेण्यासाठी. त्याचा खर्च आणि त्यावर होणारी दुकानदारी हा वेगळा विषय. पण घराला काहीतरी करावंसं वाटतं, ही गरज खरी आहे.

घरच्यांना शोक करायला सवड मिळायच्या आत कागद सुरू होतात. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन. चिठ्ठी असेल तर मूळ पोलीस नेतात; तिची प्रत मागता येते हे कोणी सांगत नाही. विवाहितेचा मृत्यू लग्नापासून सात वर्षांच्या आत झाला असेल तर चौकशी दंडाधिकाऱ्यामार्फत होते, म्हणजे बहुधा तहसीलदार येतात. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला तर मृत्यूचं अंतिम कारण लांबतं आणि विम्याचा दावाही लांबतो. तिथे ‘अटॅक’ सांगणं अंगाशी येतं, कारण कंपनी शवविच्छेदनाचा अहवाल मागतेच. खोटं बोलायची गरजही नसते : आयुर्विमा घेऊन किंवा पुन्हा चालू करून बारा महिने झाले असतील तर आत्महत्येच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, त्याआधीही भरलेल्या हप्त्यांच्या किमान ८० टक्के रक्कम वारसाला मिळते. गटाच्या कर्जातून विम्याचे पैसे कापलेले असतात का, हेही विचारावं. वारसाची देणेदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतः जामीन राहिलेला असेल तर गोष्ट वेगळी.

शेतकऱ्याच्या घरात याच्या नेमकं उलट होतं. २००६ पासून चालत आलेल्या सानुग्रह मदतीत एक लाख रुपये आहेत, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी आत्महत्या होती, जमीन होती, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं होतं आणि तगादा होता, हे सगळं दाखवावं लागतं. प्रकरण तहसीलमार्फत कलेक्टरांच्या समितीपुढे जातं आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा घेऊन परत येतं. बिनपरवाना सावकाराचं कर्ज तिथे चालत नाही. त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे, २०१४ च्या सावकारी कायद्याखाली, वेगळी करावी लागते. म्हणजे गावाला अटॅक सांगितलेल्या बाईला तहसीलमध्ये आत्महत्या सिद्ध करावी लागते, तीही बहुधा तेराव्याच्या आत.

मागे राहिलेल्यांना आधार देणं हेही प्रतिबंधाचंच काम आहे, हा विचार एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडला. आपल्याकडे पुण्यासारख्या ठिकाणी अशा कुटुंबांसाठी गट चालतात. सोलापूरच्या घराला बहुतेक वेळा शेजार, भजनी मंडळ आणि बचत गट एवढाच आधार असतो. तो तेराव्यापर्यंत भरपूर मिळतो, सव्वा महिन्यानंतर आटतो. संपर्काचं ते नऊ वेळांचं वेळापत्रक इथेही वापरता येतं. भेटायला गेल्यावर ‘कसं कळलं नाही तुला?’ हा प्रश्न विचारायचा नाही. तो त्या घरात रोज रात्री विचारला जातच असतो. गेलेल्याचं नाव घेऊन बोलायचं. लेकरांना ‘बाबा गावाला गेले’ सांगायचं नाही. शाळेच्या पटांगणात दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी घरातल्याच माणसाने, थोडक्या शब्दांत, खरं सांगायचं : बाबांच्या मनाचा आजार फार वाढला होता, त्यात ते गेले, आणि त्यात तुझी काही चूक नाही. हे वाक्य एकदा सांगून पुरत नाही. लेकरू तेच पुन्हा विचारतं, कधी जेवताना, कधी दिवाळीत.