एमजीबी आधी उंच कशी झाली आणि लोक तिला खाली का बसवतात

एमजी म्हटलं की आपल्याकडे आता हेक्टर नाहीतर विंडसर आठवते, पण जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला तो अष्टकोनी बिल्ला दाखवा, तो लगेच एमजीबी म्हणेल. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनलेली दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, १९६५ पासून तिचीच टपवाली जीटी, दोन्ही मिळून पाच लाखांच्या वर बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. आज या गाडीच्या मालकांमध्ये हमखास निघणारा प्रश्न म्हणजे लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणारी आखूड स्प्रिंग, कुठली घेऊ, किती इंच खाली आणू, किती कडक घेऊ. यावर उत्तरं देणारे शंभर जण असतात पण पहिला प्रश्न फार थोडे विचारतात, की बाबा तुझी गाडी कुठल्या सालची आहे? कारण १९७४ च्या आधीची एमजीबी खाली बसवणं आणि नंतरची बसवणं ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत.

सुरुवात जुन्या काळापासून करू. एमजीबीचं पुढचं सस्पेन्शन १९६२ चं नाहीच मुळी. अ‍ॅलेक इसिगोनिस, म्हणजे पुढे ज्यानं मिनी बनवली तोच, आणि जॅक डॅनियल्स या दोघांनी कॉइल स्प्रिंग आणि विशबोनची (चाकाला धरून वर-खाली हलू देणारा फाट्यासारखा हात) ही रचना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच आखली होती, युद्धामुळे ती पडून राहिली आणि १९४७ ला एमजीच्या वाय टाइप सलूनमध्ये आली. तिथून १९५० च्या टीडीत, मग १९५५ च्या एमजीएत आणि एमजीचा इंजिनिअर सिड एनेव्हरनं एमजीबी केली तेव्हा थोड्या फेरफारानं तिच्यातही. यात वरचा विशबोन म्हणून वेगळा पार्टच नाही, आर्मस्ट्राँगच्या लिव्हर टाइप शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा हातच वरचा विशबोन. हे सगळं एका क्रॉसमेंबरवर, म्हणजे आडव्या पोलादी तुळईवर, बसतं आणि तो क्रॉसमेंबर खालून बॉडीला बोल्टनं लागतो, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. मागे तर अजून साधा मामला, सरळ अखंड ॲक्सल आणि पाटे, आपल्या ट्रकला असतात त्याच जातीचे, फक्त हलके.

जुनाट असली तरी क्रोम बंपरवाली, म्हणजे सुरुवातीची, एमजीबी वळणात चांगली होती. १९६३, ६४ आणि ६५ अशी लागोपाठ तीन वर्षं ल मॉंची २४ तासांची शर्यत तिनं पूर्ण केली, १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत मोर्ली बंधूंनी ग्रँड टूरिंग गटात पहिला नंबर काढला, १९६६ ला नूरबुर्गरिंगवरची ८४ तासांची माराथाँ द ला रूत जिंकली. शर्यतीच्या गाड्या खाली बसवलेल्या आणि कडक केलेल्या असायच्याच. पण रस्त्यावर चालवणाऱ्याला तेव्हा स्प्रिंग बदलायची तशी गरज वाटत नसे, गाडी आधीच खाली होती.

मग आला अमेरिकेचा बंपरचा कायदा. १ सप्टेंबर १९७२ पासून, म्हणजे १९७३ च्या मॉडेलपासून, गाडी ताशी ५ मैल वेगानं पुढून भिंतीला लागली तरी दिवे आणि सुरक्षेच्या बाकी वस्तू शाबूत राहिल्या पाहिजेत असा नियम लागू झाला, मागून लागली तर सुरुवातीला अडीच मैल. पुढच्या वर्षी मागच्या बाजूलाही ५ मैल झाले, आणि जमिनीपासून १६ ते २० इंच या पट्ट्यात पेंड्युलम आपटून चाचणी सुरू झाली. दोन गाड्यांचे बंपर एकमेकांना भिडावेत, एकीचा दुसरीच्या खाली घुसू नये हा हेतू, आणि हेतू वाईट नव्हता. पण बुटक्या युरोपियन स्पोर्ट्स कारची त्यात पंचाईत झाली. एमजीनं १९७४ ला आधी क्रोम बंपरवर मोठे काळे रबरी गोळे बसवून वेळ मारून नेली, लोकांनी त्यांना सब्रिना नाव ठेवलं, पन्नासच्या दशकातल्या एका गाजलेल्या इंग्लिश नटीवरून, का ते फोटो बघितलात की कळेल. आणि १९७४ च्या शरदात आला तो प्रसिद्ध किंवा बदनाम काळा बंपर. सगळे रबर बंपर म्हणतात, पण तो आतून पोलाद आणि वरून पॉलियुरेथेन, वजनाला भारी आणि गाडीच्या दोन्ही टोकांना लटकलेला.

बंपर बसवून भागलं नाही, गाडीची उंचीही नियमात बसत नव्हती. नीट करायचं तर पुढची बॉडी नव्यानं आखायला हवी होती. पण एमजीची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडकडे तेव्हा पैसा नव्हता, होता तो तिच्याच ट्रायम्फ टीआर७ या दुसऱ्या स्पोर्ट्स कारकडे चालला होता, आणि १९७५ ला तर कंपनीच सरकारच्या ताब्यात गेली. मग त्यांनी सोपा रस्ता धरला, अख्खी गाडीच इंच-दीड इंच वर उचलली. वर दोन प्रकारच्या गाड्या बनवणं परवडत नाही म्हणून जिथे असा नियम नव्हता त्या इंग्लंडातल्या गिऱ्हाइकालाही हीच उंच गाडी. एमजीच्याच धाकट्या मिजेट स्पोर्ट्स कारचंही तेव्हाच असंच झालं. आणि खर्च वाचवायला म्हणून १९७५ च्या उघड्या गाडीवरून पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला! गाडी उंच केली, टोकांना वजन वाढवलं आणि वळणात तिला सरळ धरणारी दांडीच काढली, एकाच वर्षात तिन्ही. पाहिजे त्याला बार पैसे भरून मिळत होता, पण माझ्या मते त्या गाडीवर झालेला सगळ्यात मोठा अन्याय उंचीचा नाही, या बारचा आहे.

आता उचलली कशी, हे बघणं महत्त्वाचं. मागे जास्त कमान दिलेले पाटे टाकले. पुढे मात्र मुख्य बदल स्प्रिंगमध्ये नव्हता, क्रॉसमेंबरच वेगळा केला, बॉडी त्याच्यावर जरा उंचावर बसेल असा. म्हणजे पुढचे विशबोन जवळपास जुन्याच कोनात राहिले, त्यांच्यावरची गाडी वर गेली. आणि लोक उपाय काय करतात, तर आखूड स्प्रिंग टाकतात. गाडी खाली येते, फोटोत छान दिसते, पण आता विशबोन तिरके झाले, मूळ क्रोम बंपर गाडीत कधी नव्हते इतके. त्यामुळे पुढचा रोल सेंटर, म्हणजे ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो, खाली सरकतो, आणि गाडीचा गुरुत्वमध्य जेवढा खाली आला त्यापेक्षा तो जास्त सरकू शकतो, म्हणजे गाडी बुटकी होऊनही वळणात झुकायची ओढ हवी तशी कमी होत नाही. ती ओढ दाबायला मग स्प्रिंग अजून कडक घ्या. ज्यांना मूळ भूमिती हवी ते जुन्या क्रोम गाडीचा क्रॉसमेंबर शोधून बसवतात, त्यासाठी स्टिअरिंगच्या जोडणीतही बदल करावा लागतो, काम मोठं आहे, पण उंची जिथे वाढवली होती तिथूनच ती काढली जाते.

मागच्या पाट्यांचं अजून एक. पाट्याला कमान जास्त असली की गाडी वळणात झुकताना बाहेरचं चाक वर जाता जाता जरासं मागे सरकतं आणि आतलं पुढे, म्हणजे आख्खा ॲक्सलच थोडा वळतो, तोही चुकीच्या बाजूला. उंच एमजीबीत झटकन लेन बदलली की मागची बाजू स्वतःच्या मनानं चालल्यासारखी वाटते ते यामुळे. यावर स्वस्त इलाज म्हणजे ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोअरिंग ब्लॉक. गाडी खाली येते खरी, पण पाट्याची कमान तशीच, त्यामुळे मूळ खोड पुरती जात नाही आणि जोरात गिअर टाकला की पाटे पिळले जातात ते वेगळंच. कमी कमानीचे पाटे घालणं महाग पण बरोबर.

स्प्रिंग कडक म्हणजे काय, त्यालाही इतिहास आहे. रोल्स-रॉइसमधून १९३० ला जनरल मोटर्सकडे गेलेल्या मॉरिस ऑली या इंग्लिश इंजिनिअरनं पहिल्यांदा नीट मोजून मांडलं की गाडीचा हेलकावा किती वेळात होतो यावर आराम ठरतो, आणि पुढच्या स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असल्या तर खड्ड्यानंतर गाडी डुलत राहत नाही, लवकर सपाट होते. हिशोब अगदी साधा आहे, गाडीच्या वजनानं स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबेल इतकी मऊ असेल तर सेकंदाला एक हेलकावा, ११ सेंटिमीटर दबेल तर दीड. आता गाडी खाली आणली म्हणजे बंप स्टॉपपर्यंतची, म्हणजे चाक वर जाऊन ज्या रबरी अडवणीला टेकतं तिथपर्यंतची, जागा कमी झाली, तीच मऊ स्प्रिंग ठेवली तर गाडी सारखी आपटणार, म्हणून लोअरिंग स्प्रिंग थोडी कडक असावीच लागते. थोडी! कॉइलच्या तारेची जाडी चौथ्या घातानं मोजली जाते, तार १० टक्के जाड केली की स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्के कडक होते, त्यामुळे दोन स्प्रिंग शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात आणि चालवताना जमीन-अस्मानाचा फरक. पुढची फारच कडक घेतली की ऑलीचं गणित उलटं होतं आणि गाडी घोड्यासारखी पुढेमागे डुलायला लागते. आणि ते म्हातारे लिव्हर शॉक मूळ स्प्रिंगपुरतेच होते, त्यांचे व्हॉल्व्ह कडक करून घेतल्याशिवाय वाढीव स्प्रिंग त्यांच्याच्यानं आवरत नाही.

स्प्रिंग कापणारेही आहेत. ही पद्धत अमेरिकेतली, कॅलिफोर्नियात गाड्या दिसायला बुटक्या करण्यासाठी लोक कॉइल कापायचे, १९५८ ला तिथे कायदाच आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. गंमत म्हणजे कॉइल कापली की स्प्रिंग खरंच कडक होते, कारण काम करणारे वेढे कमी झाले, पण किती ते नशिबावर, आणि गॅस कटरनं कापली तर तिथल्या पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा.

इकडे कंपनीलाही आपण काय करून ठेवलंय ते कळलं असावं. १९७७ च्या मॉडेलला पुढचा अँटी-रोल बार परत आला, आधीपेक्षा जाड, आणि मागेही एक मिळाला. उंची तशीच राहिली पण गाडी पुष्कळ सुधारली, स्प्रिंगला हात न लावता. म्हणून १९७५-७६ ची उघडी गाडी असेल तर मी तरी आधी बार बघीन, मग पाटे, आणि पुढच्या स्प्रिंगचा नंबर शेवटी. ऑक्टोबर १९८० ला अ‍ॅबिंग्डन बंद झालं, आणि १९८२ ला अमेरिकेनं तोच ५ मैलांचा नियम अडीच मैलांवर आणला. घ्या!

विकत घेण्याआधी एकच काम करा. चाळीस-पन्नास वर्षांच्या स्प्रिंग दबलेल्या असतात, दोन्ही बाजूंना सारख्या दबतातच असंही नाही, त्यामुळे कॅटलॉगमधला "एक इंच खाली" म्हणजे मूळच्या कोऱ्या स्प्रिंगपेक्षा एक इंच, तुमच्या गाडीत आत्ता आहे त्यापेक्षा नाही. कधी कधी लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी वर आलेली असते. मोजमाप चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या, जमिनीपासून नको, कारण टायरचा साइज मधे कोणीतरी बदललेलाच असतो. आणि जीटी असेल तर दुकानदाराला तसं सांगा, ती उघड्या गाडीपेक्षा जड आहे, तिच्या स्प्रिंग वेगळ्या येतात.