सर्वोत्तम मिसळीचा शोध : एक पार्श्वभूमी

आपल्या शहरात सर्वांत चांगली मिसळ कोठे मिळते, या प्रश्नावर महाराष्ट्रात कोणत्याही दिवशी, कोणत्याही वयाच्या माणसांत वाद सुरू होऊ शकतो. तो इतका अंगवळणी पडला आहे की, तो विचारता येण्यासाठी समाजात आधी काय काय बदलावे लागले याकडे सहसा लक्ष जात नाही. अनोळखी माणसाने पैसे घेऊन रांधलेले अन्न अनोळखी लोकांच्या शेजारी बसून खाणे, त्यात काही गैर न वाटणे आणि अशी चार-पाच ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर असणे, एवढे जमून आल्याशिवाय तुलनाच संभवत नाही. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात यांतील पहिली अटही पूर्ण होत नव्हती.

१८९० सालचे पंचहौद मिशनचे चहा प्रकरण याची साक्ष देते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळींना या ख्रिस्ती मिशनमध्ये बोलावण्यात आले आणि कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे पुढे करण्यात आली. कोणी घेतली, कोणी केवळ समोर ठेवू दिली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ही दोन्ही नावे त्यात होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ज्या शहरात एक पेला चहा हा एवढा मोठा सार्वजनिक प्रश्न होता, त्याच शहरातील पेठांमध्ये पुढच्या दोन पिढ्यांत माणसे बाहेरच्या मिसळीसाठी रांगा लावू लागली.

मधल्या काळात उपाहारगृहांना आपल्या गिऱ्हाइकाच्या मनातील शंका फेडावी लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी उपाहारगृहांच्या पाट्यांवर मालकाची जात किंवा स्वच्छतेची ग्वाही दिसे ती त्यामुळेच. दादरच्या मामा काणे यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या उपाहारगृहाचे नावच ‘स्वच्छ उपाहारगृह’ असे होते. स्वयंपाकी आपल्यातलाच आहे आणि भांडी नीट घासलेली आहेत, एवढे पटले की मग चवीचा विचार. अर्थात ही ग्वाही ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापुरतीच होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला तेथे बाकावर जागा नव्हती, आणि त्याच्या हातचे खाणे तर दूरच राहिले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराज मुद्दाम तेथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही घ्यायला लावत. हॉटेलांच्या इतिहासात हा प्रसंग एरवी सामाजिक सुधारणेच्या प्रकरणात टाकला जातो. माझ्या मते तो खाद्यसंस्कृतीच्या प्रकरणातही तितकाच हक्काने यायला हवा, कारण गावातल्या सगळ्या हॉटेलांत सगळ्यांना जाता येत नाही तोवर गावातले उत्तम हॉटेल कोणते हा प्रश्न अर्धाच असतो.

पदार्थाची सामग्री पाहिली तर तिच्यात जुने आणि नवे यांचा मेळ आहे. मटकी हे कमी पावसात, हलक्या जमिनीत तग धरणारे कडधान्य आहे. आज देशात तिचे सर्वाधिक पीक राजस्थानात येत असले, तरी मोड आणून केलेली उसळ हा देशावरच्या घरांतला रोजचा प्रकार आहे. मिरची आणि बटाटा मात्र अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर आले. यीस्टवर फुगवलेला पाव गोव्याच्या पोदेरांकडून (पाव भाजणाऱ्यांकडून) आणि पुढे मुंबईच्या गोवेकर व इराणी बेकऱ्यांकडून सर्वत्र पसरला. म्हणजे लाल तवंगाची, पावाबरोबर खाल्ली जाणारी मिसळ हा फार प्राचीन पदार्थ असणे शक्य नाही, आणि तिला शिवकाळात नेऊन बसवणाऱ्या कथांकडे करमणूक म्हणूनच पाहावे.

मिसळीला एक जनक नाही. वडापावाचे श्रेय १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते; मिसळीच्या बाबतीत असे एकही नाव सर्वमान्य नाही, आणि ते सापडेल असेही मला वाटत नाही. कारण ही पाककृतीपेक्षा मांडणी अधिक आहे. उसळ, पातळ रस्सा, पोहे किंवा बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड : यांतला प्रत्येक घटक उपाहारगृहात स्वतंत्रपणे विकला जातच होता. घरी एका माणसासाठी एवढे सगळे एकाच वेळी तयार ठेवणे परवडत नाही. हॉटेलच्या ओट्यावर ते सकाळपासून मांडलेलेच असते. म्हणूनच मिसळ हा मुळात घराबाहेरचा पदार्थ आहे, आणि तिची तुलना आईच्या हातच्या चवीशी होत नाही, दुसऱ्या हॉटेलशी होते. पुरणपोळीसाठी कोणी गावभर फिरत नाही.

तिची खरी कसोटी रश्श्यात लागते. वाटलेला मसाला पुरेशा तेलात मंद आचेवर परतला की मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, कारण तो रंग पाण्यात विरघळत नाही. नंतर पाणी घालून उकळी आणल्यावर तेच रंगीत तेल वर तरंगते आणि कट किंवा तर्री तयार होते. तेल भरपूर आणि परतणे अपुरे असेल तर रंग झकास दिसतो, पण खाली पाणचट रस्सा आणि घशाशी कच्च्या मसाल्याचा वास राहतो. मोड आलेली मटकी शिजूनही अखंड राहिली पाहिजे. ती फुटून रश्श्यात विरघळली की ताटात आमटी उरते. वरचे फरसाण शेवटच्या क्षणी पडले पाहिजे. जाणते गिऱ्हाईक या तीन गोष्टी पहिल्या दोन घासांत ताडते.

प्रत्येक शहराने ही मांडणी आपल्या गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे वळवली. पुण्यात मिसळीला पोहे आणि बटाट्याच्या भाजीची बैठक मिळाली आणि रश्श्यात किंचित गोडवा आला. नारायण पेठेतील बेडेकर टी स्टॉल आणि तुळशीबागेतील श्रीकृष्ण भुवन ही ठिकाणे स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरू झालेली. दोन्हींकडे जागा लहान, पदार्थ मोजके आणि मालकाचा वेळापत्रकावर ठाम विश्वास. वैद्य उपाहारगृहाच्या मिसळीत तर लाल तिखटाऐवजी आले आणि हिरवी मिरची बोलते. लाल तवंग ही मिसळीची अट आहे असे मानणाऱ्याने तिची दखल घ्यायलाच हवी. ठाण्याची मामलेदार मिसळ तहसील कचेरीच्या शेजारच्या उपाहारगृहात वाढली आणि नावही तिला कचेरीचेच मिळाले. कामासाठी ताटकळणाऱ्या पक्षकाराला आणि मधल्या सुटीतल्या कारकुनाला लवकर वाढता येईल, पोट भरेल आणि खिशाला झेपेल असे काहीतरी हवे होते. तिच्या झणझणीतपणाबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण तिचा वेग हाही तिचा तेवढाच मोठा गुण आहे.

कोल्हापूरचे प्रकरण सर्वांत समृद्ध आहे. तेथे मिसळीचा आधार कांदा-लसूण मसाला. त्यात तिखटपणासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी मिरची, शिवाय भाजलेले सुके खोबरे, तीळ, धने आणि भरपूर लसूण. उन्हाळ्यात हा मसाला वर्षभरासाठी कुटून ठेवण्याची घराघरांतली रीत हॉटेलांनीही उचलली. पावाऐवजी येथे स्लाइस ब्रेड येतो, आणि बाहेरून आलेल्या माणसाला ही उणीव वाटते; परंतु कट शोषून घेण्यात स्लाइस पावाहून सरस ठरतो, हे एकदा खाल्ले की मान्य करावे लागते. कटाचे भांडे मागाल तितक्या वेळा पुन्हा भरून मिळणे हा शिष्टाचाराचा भाग आहे. फडतरे यांची मिसळ शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे ऑइल इंजिनांचे सुटे भाग आणि ओतकाम करणाऱ्या कारखान्यांच्या वस्तीत. खासबाग मिसळ कुस्तीच्या मैदानाच्या परिसरात. बावडा मिसळ कसबा बावड्यात. अंगमेहनत करणारा कामगार आणि तालमीतून परतणारा पैलवान सकाळी काय आणि किती खाईल, याचा हिशेब या ताटांच्या आकारात दिसतो. पुणेकर कोल्हापुरी मिसळीला नुसतीच तिखट म्हणतात. हा आरोप बहुधा कोल्हापूरबाहेर ‘कोल्हापुरी’ या पाटीखाली खाल्लेल्या मिसळीवरून केलेला असतो.

नाशकात काळ्या मसाल्याच्या रश्श्याची परंपरा आहे. भाजलेला कांदा, खोबरे आणि गरम मसाले यांमुळे त्याला गडद रंग आणि खमंग वास येतो. मुंबईत गिरगाव आणि दादर येथील मराठी उपाहारगृहांनी तिखट आवरते घेऊन सर्वांना चालेल अशी मिसळ ठेवली. मराठी राज्यकर्त्यांबरोबर पसरलेल्या वस्तीचा माग घेतला तर हे कुटुंब आणखी मोठे होते. गायकवाडांच्या बडोद्यात वाटाण्याची शेव-उसळ आणि तिखट तर्री, तर होळकरांच्या इंदुरात उसळ-पोहे. बडोद्यातही कोणाची शेव-उसळ चांगली यावरून भांडणे होतात, आणि ती मिसळीच्या भांडणांपेक्षा सौम्य नसतात.

तरीही बराच काळ ही भांडणे गावापुरती होती. माणूस आपल्या पेठेच्या, आपल्या कचेरीच्या, आपल्या नाक्याच्या मिसळीशी बांधलेला असे. परगावच्या मिसळीची खबर आणत ते बदलीवर फिरणारे सरकारी नोकर, शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी आणि एसटीचे चालक-वाहक. त्यांच्या सांगण्याला वजन होते, कारण ते सगळीकडे स्वतःच्या पैशाने खात. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, घरोघरी मोटारी आल्या, मराठी दूरचित्रवाहिन्यांवर खाद्यभ्रमंतीचे कार्यक्रम सुरू झाले आणि केवळ मिसळीसाठी दुसऱ्या शहरात जाणे शक्य झाले. २००८ मध्ये ‘फूडीबे’ या नावाने सुरू झालेल्या व पुढे ‘झोमॅटो’ झालेल्या सेवेने ठाण्याच्या कचेरीजवळचे ताट आणि दादरच्या वातानुकूलित टेबलावरचे ताट एकाच पाच गुणांच्या पट्टीवर ठेवले. २०१५ मध्ये लंडनमधील फूडीहब पुरस्कारांत दादरच्या आस्वाद उपाहारगृहाच्या मिसळीला जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवण्यात आले, तेव्हा मराठी माणसाला आनंद झाला. लगेच दुसऱ्या श्वासात पुणे, नाशिक आणि कोल्हापूर येथून हरकतीही आल्या. आस्वादची मिसळ नेटकी आणि समतोल आहे. परंतु ज्याला तिखट सोसत नाही अशा परक्या परीक्षकालाही ती आवडू शकते, हेच कोल्हापुरी दृष्टीने तिच्याविरुद्धचे मोठे कलम ठरते.

या आंतरशहरी स्पर्धेने पदार्थही बदलला. नाशिकजवळच्या मळ्यांत झाडाखाली टेबले मांडून, चुलीवर रस्सा ठेवून, सोबत पापड, दही, ताक आणि जिलेबी देणारी मिसळ ही सुटीच्या दिवशी मोटारीने येणाऱ्या कुटुंबासाठी घडवली गेली आहे. ती वाईट नाही, मात्र अर्ध्या तासात कामावर परतणाऱ्या माणसाचे ते खाणे राहिलेले नाही. अनेक ठिकाणी आता कमी तिखट, मध्यम आणि झणझणीत असे पर्याय विचारले जातात. यामुळे गिऱ्हाईक वाढले, पण स्वयंपाक्याने ठरवलेली चव हीच त्या ठिकाणाची ओळख होती तिथे आता एकाच मूळ रश्श्याला तेल-तिखटाचे तीन जोड लावले जातात आणि दोन माणसांनी एकाच हॉटेलबद्दल दिलेली मते जुळेनाशी होतात. मिसळ महोत्सवांत निरनिराळ्या गावांच्या मिसळी एका मैदानात मिळतात खऱ्या. तेथे हरवते ती ताज्या खेपेची वेळ, जी सकाळी साडेआठला वेगळी आणि दुपारी एकला वेगळी चव देते.

घरपोच सेवेने सर्वांत अवघड प्रश्न उभा केला आहे. रस्सा, उसळ, फरसाण आणि कांदा वेगवेगळ्या डब्यांत भरून पाठवण्याची पद्धत रुळली, कारण एकत्र केलेली मिसळ काही मिनिटांतच मऊ पडते. म्हणजे मांडणीचे काम, जे मिसळीत निम्मे कौशल्य आहे, ते गिऱ्हाइकाकडे आले. शेव आधी की रस्सा आधी, कट किती ओतायचा, हे आता घरच्या टेबलावर ठरते आणि गुण मात्र हॉटेलला दिले जातात. काही जुन्या उपाहारगृहांनी म्हणूनच ही सेवा घेतलेली नाही, आणि त्यांची मिसळ चाखायची तर पातेले रिकामे होण्याआधी तेथे पोहोचण्यावाचून इलाज नाही.