पेडल मऊ लागतंय की खाली बसतंय?

ब्रेक दाबला की पाय गादीत रुतल्यासारखं वाटतं, अशी तक्रार घेऊन एसयूव्ही गॅरेजात आली की पहिला उपाय ठरलेला असतो: एअर काढा, म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली (ऑइलच्या पाइपांमधली) हवा बाहेर घालवा. कधी तेवढ्यावर भागतं. कधी बाटलीभर नवं ब्रेक ऑइल ओतूनही पेडल होतं तसंच राहतं, कारण पायाला सारखे वाटणारे दोष मुळात दोन आहेत. एक स्पंजी पेडल, दुसरं हळूहळू खाली बसणारं पेडल. पाना हातात घेण्याआधी यातलं कुठलं, ते ठरवायला मिनिटभर पुरतं.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपतो. मग नेहमी दाबता तेवढ्या जोरानं दाबून अर्धा मिनिट पाय तसाच ठेवा. स्पंजी पेडल लवचिकपणे आत जातं, पण कुठेतरी थांबतं आणि तिथेच राहतं. भराभर पंप केलं तर वर येतं, कडकही होतं. बसणारं पेडल सुरुवातीला चांगलं उभं राहतं आणि मग पायाखालून सरकत सरकत तळाला जातं. हीच चाचणी हलक्या पायानंही करून बघा. जोरात दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधल्या (पेडलच्या जोरानं ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरमधल्या) झिजलेल्या रबरी सीलची कड भिंतीला चिकटते आणि दोष लपतो. हलक्या दाबाला तोच उघडा पडतो. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं की पेडल थोडं खाली जाऊन थांबेल. तो दोष नाही, बूस्टर काम करतोय एवढाच त्याचा अर्थ.

आता स्पंजी पेडल. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. लाइनमध्ये बुडबुडे असले की पायाचा जोर कॅलिपरपर्यंत (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत) जाण्याऐवजी ते बुडबुडे आवळण्यात खर्ची पडतो. काम करताना पाइप सुटा केला असेल किंवा टाकीतलं ऑइल फार खाली गेलं असेल, तर हवा आत शिरते. पण गाडी कुणी उघडलेलीच नसेल तर जुन्या ऑइलकडे बघा. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार हवेतली ओल शोषतात. डॉट ४ साठी मानकातली किमान उत्कलन मर्यादा नव्या ऑइलला २३० अंश सेल्सिअस आहे. ओल मुरलेल्या ऑइलला ती १५५ अंशांवर येते. भरलेली जड गाडी लांब उतारावर ब्रेक दाबतच खाली उतरली की ऑइल उकळतं आणि लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठीक, आणि मालकाला वाटतं काही झालंच नव्हतं. अशा वेळी नुसती एअर काढून उपयोग नाही, सगळं ऑइल बदलायला हवं.

एअर काढताना चुका होतात त्या क्रमाच्या. कुठल्या चाकापासून सुरू करायचं ते मॅन्युअलमध्ये बघा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, हा जुना नियम प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. आतल्या माणसानं पेडल दाबून धरायचं, मग निपल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) उघडायचा, बंद करायचा, आणि त्यानंतरच पाय उचलायचा. पाय आधी उचलला की गेलेली हवा परत आत. कॅलिपर काढून बसवल्यावर निपल खालच्या बाजूला आला असेल, तर डावा-उजवा अदलाबदल झालाय. हवा वर अडकून बसते आणि कितीही ऑइल घाला, निघत नाही. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली तर बहुतेक गाड्यांत स्कॅनर लावून त्याचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

हवा नसतानाही पेडल मऊ लागू शकतं. जुना रबरी होज दाबाखाली फुगतो. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून होज हातात धरला तर कळतं. मागचे ड्रम ब्रेक ढिले असतील तर पहिल्यांदा पेडल खोल जातं, दुसऱ्यांदा वर येतं. तिथे फक्त ड्रमला आतून घासणारे लायनर सेट करायचे असतात.

बसणाऱ्या पेडलचा हिशेब वेगळा. ऑइल एकतर बाहेर जातंय, नाहीतर आतल्या आत निसटतंय. टाकीतली पातळी उतरत असेल तर चाकांच्या आतल्या बाजू, पाइपचे जोड आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडलेला असतो ती जागा तपासा. या शेवटच्या ठिकाणी ऑइल बूस्टरच्या पोटात जातं, त्यामुळे जमिनीवर थेंबही दिसत नाही. पातळी जागेवर असूनही पेडल बसत असेल तर मास्टर सिलिंडरचं सील दाब धरत नाही असा संशय घ्यावा. ऑइल त्याच्यावरून सरकून मागे जातं. याला एअर काढणं हे उत्तरच नाही. सीलचं किट टाकून भागवता येतं, पण आतली भिंत ओरखडलेली असेल तर नवं सीलही लवकर जातं; मी तरी पूर्ण सिलिंडरच बदलायला सांगेन. आणि तोवर गाडी चालवू नये.

जुन्या गाडीत पहिला दोष घालवताना दुसरा ओढवून घेतला जातो, हेही सांगायला हवं. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या शेवटच्या भागात जातच नाही, तिथे गंज आणि गाळ साचतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत हाणलं की सील त्या खरखरीत भागावर घासतं. मग स्पंजी पेडल घेऊन आलेली गाडी बसणारं पेडल घेऊन जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं.

एवढं करूनही निर्णय होत नसेल तर मास्टर सिलिंडरचे पाइप सोडून तोंडं योग्य प्लगनं बंद करा, आतली हवा काढा आणि पेडल दाबा. तरीही बसलं तर दोष सिलिंडरचा. दगडासारखं कडक उभं राहिलं तर सिलिंडर निर्दोष. मग पुढच्या लाइनमध्ये हवा किंवा गळती शोधायची, आणि तीही सापडली नाही तर एबीएसचा आतला व्हॉल्व्ह.