मानसिक आजारासाठी रजा आणि कामातल्या सवलती: कुठला कागद कुणाकडून घ्यायचा

परवा एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत सहा पानी रिपोर्ट घेऊन आल्या. सायकॉलॉजिस्टने मन लावून लिहिला होता. चाचण्या, त्यांचे गुण, लहानपणापासूनची हकीकत आणि शेवटी ‘नैराश्याची तीव्र लक्षणे, विश्रांतीची गरज’. ऑफिसने रजेच्या अर्जावर शेरा मारला होता: ‘वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेले नाही.’ आपला आजारच कुणी खरा मानत नाही, असं धरून त्या रडत होत्या. अडचण एवढीच होती की त्या कागदावर डॉक्टरची सही नव्हती. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता सविस्तर लिहिते.

रजेला डॉक्टरचा दाखला लागतो. सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा एमबीबीएस होऊन पुढे या विषयात शिकलेला डॉक्टर. सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, थेरपी करतो, पण राज्य सरकारच्या नोकरीत किंवा ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) त्याच्या एकट्याच्या सहीवर आजारपणाची रजा मंजूर होत नाही. त्याचा रिपोर्ट सोबत जोडायचा. तोही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आणि भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात असलेला. पैसे भरण्याआधीच हा क्रमांक विचारा, विचारायला संकोचू नका.

खाजगी मनोविकारतज्ज्ञ परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही ओपीडी चालते. नाव ऐकून घरचे दचकतात, पण ओपीडीत केसपेपर काढायचा, तपासून घ्यायचं आणि घरी यायचं, इतकंच असतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर बोलून आधार जरूर घ्या. रजेचा दाखला मात्र समोर बसून तपासणाऱ्या डॉक्टरकडूनच घ्या. दहा मिनिटांत सर्टिफिकेट घरपोच देणाऱ्यांच्या नादी लागू नका. पडताळणीत तो कागद पडला तर नोकरीवरच बालंट येतं.

अर्ज परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तारखा. ‘विश्रांतीचा सल्ला दिला आहे’ एवढ्यावर कारकून काहीच करू शकत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ‘या काळात कामावर हजर राहण्यास असमर्थ’ हे शब्द, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का, एवढं दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी वाचून घ्या. आजारी माणसाला ते सुचत नाही, म्हणून सोबत कुणाला तरी न्या. आणि महिनाभर घरी काढून मग मागची तारीख मागू नका. डॉक्टरने त्या दिवसांत तुम्हाला पाहिलेलंच नसतं, तो काय लिहिणार?

राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यावर वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. हे न कळल्यामुळे पुढच्या आजारपणात हात रिकामे राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

ईएसआय असेल तर बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पहिल्याच दिवशी आपल्या ईएसआय दवाखान्यात जा, दाखला तिथला डॉक्टर देतो. सहा महिन्यांच्या अंशदान काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मग वर्षात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के मिळतात. फारसं कुणाला माहीत नसतं ते पुढचं: दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया, मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस (कधी टोकाचा उन्माद, कधी टोकाचं नैराश्य) आणि एन्डोजिनस डिप्रेशन (बाहेरचं कारण नसताना आतून येणारं नैराश्य) आहेत. सलग दोन वर्षं विमा असेल आणि वर्गणीची अट पुरी होत असेल, तर 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. पण कागदावर नुसतं ‘स्ट्रेस’ असेल तर यादीत काहीच बसत नाही. जे निदान असेल ते डॉक्टरला पूर्ण शब्दांत लिहायला सांगा.

दुकानं आणि खाजगी ऑफिसांना लागू असलेल्या 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा आहे, आजारपणाची वेगळी रजा नाही. तिथे आधी कंपनीचं रजा धोरण मागून घ्या.

आजाराचं नाव किती उघड करायचं? सरकारी नमुन्यात त्यासाठी जागा असते, ती भरावी लागते. पण सहा पानी रिपोर्ट, घरातली भांडणं, लहानपणीच्या जखमा, हे काहीही ऑफिसला द्यायची गरज नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ऑफिसने दवाखान्यात फोन केला तरी तुमच्या संमतीशिवाय डॉक्टरने माहिती द्यायची नसते.

सायकॉलॉजिस्टचा कागद खरा उपयोगी पडतो तो सवलतींसाठी. शिफ्ट बदलून हवी, शांत जागा हवी, दर आठवड्याला थेरपीला दोन तास हवेत, अशा मागणीला. इथे निदानापेक्षा अडचण आणि तिच्यावरचा उपाय यांची जोडी लागते. ‘रुग्णास चिंता विकार आहे, सहकार्य करावे’ हे पत्र फायलीत पडून राहतं. ‘रात्रीच्या औषधाने सकाळी सुस्ती राहते, म्हणून तीन महिने 7 ऐवजी 10 ची पाळी द्यावी, त्यानंतर फेरतपासणी’ या पत्रावर साहेबाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. पत्र एका पानाचं आणि मुदत घातलेलं असू द्या.

‘40 टक्क्यांचं अपंगत्व प्रमाणपत्र आणा, मग बघू’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. 40 टक्के लागतात ते आरक्षणासारख्या लाभांना. कामातली सवलत फक्त 40 टक्केवाल्यांपुरती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी निकालात स्पष्ट केलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांवर अशा सवलती देण्याची जबाबदारी थेट टाकली आहे. खाजगी कंपनीकडे समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी देणार याचा लेखी कागद, मागा. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात संपर्क अधिकारीही नेमलेला असायला हवा. अर्ज त्याच्या नावे करा.

रजा संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरची वेळ घेऊन ठेवा. फिटनेस सर्टिफिकेटशिवाय हजर करून घेत नाहीत, आणि डॉक्टर गावाला गेला म्हणून चार दिवस बिनपगारी गेल्याची उदाहरणं आहेत. अजून बरं वाटत नसेल तर मुदतवाढीचा अर्जही रजा संपण्याआधीच पोचवा. प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा आणि तिच्यावर आवक शिक्का मारून घ्या. त्या ताईंनी दुसऱ्यांदा अर्ज दिला तेव्हा खिडकीवरच्या माणसाने ‘ठेवून जा’ म्हटलं. त्या शिक्का मिळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.