हळदीचं गाव सांगणारा दगड

हळकुंड मोडून आतला रंग पाहिला की हळद कुठली ते कळतं, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. हिंगणघाटच्या बाजारात असो की नागपुरातल्या एखाद्या कृषी प्रदर्शनात, आतून गर्द केशरी निघालं की विकणारा ठामपणे सांगतो, ‘ही अस्सल वायगाव.’ गिऱ्हाईक वास घेतं, चिमूटभर पूड बोटांवर चोळून बघतं आणि जास्तीचे पैसे मोजतं. मला या ठामपणाची काळजी वाटते. रंगावर भाव ठरतो म्हणूनच तर लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा विषारी रंग हळदीला चोपडण्याचे प्रकार भारतीय उपखंडात झाले आहेत. आणि विष बाजूला ठेवलं, तरी चांगला रंग सांगलीच्या, हिंगोलीच्या हळदीलाही येतोच. नुसत्या डोळ्यांनी गाव ओळखता येत नाही.

वायगाव हळद म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्याची हळद. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे सगळे ज्याला जीआय म्हणतात ते, मिळालं. त्याच वर्षी भिवापूरच्या मिरचीला मिळालं. नागपूरच्या संत्र्याला ते २०१४ सालीच मिळालं होतं आणि पुढे भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळालाही मिळालं. यामागचा कायदा १९९९चा, तो लागू झाला २००३मध्ये आणि नोंदणीचं कार्यालय चेन्नईला आहे. नोंदणी होते ती नावाची. त्या भागातल्या उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवून घेतलं की ते नाव वापरण्याचा हक्क त्यांना मिळतो. दर दहा वर्षांनी नूतनीकरण असतं. पण जीआय म्हणजे सरकारने पोतं न् पोतं तपासून मारलेला शिक्का, हा समज चुकीचा आहे. बाजारातल्या प्रत्येक पुड्यामागे कोणी परीक्षानळी घेऊन उभं नसतं. म्हणून जगभरातली विद्यापीठं एका प्रश्नावर काम करतात: माल समोर आहे, शेतकरी नाही, पावती नाही, तर नुसत्या मालावरून तो कुठे पिकला हे सिद्ध करता येईल का?

डीएनए तपासला की झालं, असं पहिल्यांदा कोणालाही वाटेल. चिन्नोरच्या बाबतीत डीएनए खरंच उपयोगी आहे. सुवासिक तांदळाचा तो विशिष्ट वास २-अ‍ॅसेटिल-१-पायरोलीन या रेणूमुळे येतो, आणि एक ठरावीक जनुक बिघडलेलं असेल तरच तो रेणू दाण्यात साठतो. वाण वेगळा असेल तर डीएनए लगेच पकडून देईल. पण डीएनए बियाण्याची ओळख सांगतो, जमिनीची सांगत नाही. वायगावचं बेणं उचलून कोणी दुसऱ्या राज्यात लावलं, तर डीएनए तोच निघणार. बेणं ट्रकात घालून कुठेही नेता येतं. वावराखालचा खडक मात्र नेता येत नाही, आणि त्या खडकाची खूण पिकात उतरते.

ही खूण ठेवणारं मूलद्रव्य म्हणजे स्ट्रॉन्शियम. आवर्त सारणीत ते कॅल्शियमच्या बरोबर खाली बसतं, त्यामुळे वनस्पतीची मुळं कॅल्शियम शोषताना स्ट्रॉन्शियमही थोडं आत घेतात. निसर्गात त्याचे चार प्रकार म्हणजे समस्थानिकं आढळतात: ८४, ८६, ८७ आणि ८८. रसायनशास्त्राच्या दृष्टीने चारही सारखीच, फरक फक्त वजनाचा. सर्वाधिक वाटा ८८चा, शंभरात सुमारे ८३. यातलं स्ट्रॉन्शियम-८७ वेगळं आहे, कारण त्याच्यात सतत भर पडत असते. रुबिडियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्याचं ८७ वजनाचं समस्थानिक किरणोत्सारी आहे. ते एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतं आणि स्ट्रॉन्शियम-८७ होतं. हे इतक्या संथपणे चालतं की निम्मं रुबिडियम-८७ संपायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं आहे, हे लक्षात घेतलं की तो संथपणा कळतो.

म्हणजे एखाद्या खडकात स्ट्रॉन्शियम-८७ किती असेल ते दोन गोष्टींवर ठरतं. खडक जन्मला तेव्हा त्यात रुबिडियम किती होतं, आणि त्याला होऊन किती काळ लोटला. आणि या दोन्ही बाबतींत आपला विदर्भ निसर्गाने जणू या प्रयोगासाठीच मांडून ठेवला आहे.

नागपूरच्या पश्चिमेला काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी, खाली वर्धा, समुद्रपूर, हा सगळा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा मुलूख. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतला गेला, त्याचे हे थर. संत्र्याची वरुड-मोर्शी आणि हळदीचं समुद्रपूर दोन्ही याच थरांवर आहेत. नागपूर ओलांडून पूर्वेला निघालं की हा काळा दगड संपत जातो आणि भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत खाली लागतात ते नीस, ग्रॅनाइट आणि त्यांच्या जोडीचे प्राचीन रूपांतरित खडक. मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेलं तुमसरकडचं डोंगरी बुजुर्ग याच जुन्या खडकांमधलं. भंडारा-गोंदियातले काही नीस तर सुमारे अडीचशे कोटी वर्षं जुने. शेतकऱ्यांना हा फरक पायाखालच्या मातीवरून माहीत आहे. कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशी जमिनीची नावं धानपट्ट्यात ऐकू येतात.

आता आकडेमोड करून पाहू. बेसॉल्टमध्ये रुबिडियम मुळात कमी, स्ट्रॉन्शियमच्या साधारण विसावा हिस्सा धरा. शिवाय ६.६ कोटी वर्षांत रुबिडियम-८७ पैकी फक्त ०.०९ टक्के बदललं. ग्रॅनाइटी खडकात रुबिडियम स्ट्रॉन्शियमच्या निम्म्याने सहज असू शकतं, आणि अडीचशे कोटी वर्षांत शंभरातले साडेतीन अणू बदललेले असतात. शास्त्रज्ञ मोजतात ते स्ट्रॉन्शियम-८७ भागिले स्ट्रॉन्शियम-८६ हे गुणोत्तर. दोन्ही खडक ०.७०२ च्या आसपास सुरुवात करतात असं समजलं, तर किरणोत्सारामुळे बेसॉल्टमध्ये भर पडेल ०.०००१ इतकी आणि जुन्या ग्रॅनाइटमध्ये ०.०५ इतकी. ग्रॅनाइटमधली भर जवळपास चारशे पट! प्रत्यक्षात खडक इतके आज्ञाधारक नसतात. वर येताना लाव्हाने जुना कवच-खडक थोडाफार विरघळवून घेतलेला असतो, त्यामुळे दख्खनच्या बेसॉल्टमध्ये साधारण ०.७०४ ते ०.७१ आणि काही थरांत त्याहून थोडं जास्त गुणोत्तर सापडतं. जुन्या नीस-ग्रॅनाइटच्या मुलखात ०.७२ च्या पुढचे आकडे नेहमीचेच.

०.७०६ आणि ०.७२१ यांतला फरक किरकोळ वाटेल. पण आजचं यंत्र पाचवं, सहावं दशांश स्थळही विश्वासाने वाचतं, त्यामुळे त्या मापाने हा फरक प्रचंड आहे. ते कसं होतं हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हळद आधी भट्टीत जाळून तिची पांढरट राख करतात. राख नायट्रिक आम्लात विरघळवतात. आता एक अडचण उभी राहते. रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ यांचं वजन जवळपास तंतोतंत सारखं, आणि यंत्राला कळतं ते फक्त वजन. म्हणून रुबिडियम आधीच पुरतं बाजूला काढावं लागतं. त्यासाठी बोटभर लांबीच्या नळीत एक खास राळ भरतात. तिच्यात क्राउन ईथर नावाचे कड्यासारखे रेणू असतात, आणि कड्याच्या मधली पोकळी स्ट्रॉन्शियमच्या आयनाला, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूला, नेमकी बसेल एवढी असते. तीव्र नायट्रिक आम्लातून द्रावण थेंबथेंब सोडलं की स्ट्रॉन्शियम कड्यांत अडकतं. रुबिडियम, पोटॅशियम, कॅल्शियम खाली वाहून जातात. मग वरून नुसतं अतिशुद्ध पाणी सोडायचं. कडी पकड सोडतात आणि स्वच्छ स्ट्रॉन्शियम खालच्या कुपीत येतं. आम्ल असताना धरायचं, पाणी आलं की सोडायचं, एवढ्या साध्या नियमावर सगळं चालतं.

पुढे वस्तुमान-वर्णपटमापीत, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात, हे अणू तापवलेल्या तारेवरून आयन होऊन उडतात आणि चुंबकीय क्षेत्रातून धावतात. हलके जास्त वळतात, जड कमी वळतात, आणि प्रत्येक वजनाचे आयन वेगळ्या पेल्यात मोजले जातात. इथेही यंत्र थोडी लबाडी करतं. तारेवरून हलके अणू आधी उडतात, त्यामुळे गुणोत्तर सरकतं. यावरचा उपाय फार देखणा आहे. ८६ आणि ८८ या दोघांत किरणोत्सारी भर पडत नाही, म्हणून त्यांचं आपसातलं गुणोत्तर जगभर एकच, ०.११९४, धरतात. यंत्राने ते जितकं चुकीचं दाखवलं, त्यावरून ८७चा आकडा किती दुरुस्त करायचा ते ठरतं. धान्याच्या काट्यावर आधी माहितीचं पाच किलोचं माप ठेवून काटा किती खोटा आहे ते बघावं, तसंच हे. पण माझ्या लेखी यातला खरा लाभ पुढेच आहे. वजनातल्या फरकामुळे होणारा कुठलाही बदल, मग तो मुळात होवो, पानात होवो, हळद शिजवताना की वाळवताना होवो, याच दुरुस्तीत पुसला जातो. उरतो तो खडकाचा आकडा. पूड केली, वर्षभर डब्यात ठेवली, तरी तो बदलत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या महत्त्वाच्या आहेत. वनस्पती दगड खात नाही, मातीच्या पाण्यात विरघळलेलं तेवढंच घेते. त्यात सिंचनाचं पाणी आलं, काळ्या जमिनीतला चुना आला, सुपर फॉस्फेटसारख्या खताबरोबर आलेलं परकं स्ट्रॉन्शियमही आलं. त्यामुळे भूशास्त्रीय नकाशा पाहून निकाल देता येत नाही. त्या त्या गावची पिकंच मोजून नकाशा करावा लागतो. दुसरं असं की समुद्रपूर आणि हिंगोली दोन्हीकडे बेसॉल्टच आहे. तिथे एकट्या स्ट्रॉन्शियमने निवाडा होणार नाही. मग जोडीला मँगनीज, बेरियम, रुबिडियम अशा सूक्ष्म मूलद्रव्यांची प्रमाणं आणि पाण्यातल्या जड ऑक्सिजनचा, ऑक्सिजन-१८चा, हिशेब घ्यावा लागतो. संत्र्याच्या रसात हा ऑक्सिजन फार उपयोगी पडतो. झाडाच्या पानाफळांतून हलकं पाणी आधी उडून जातं, म्हणून फळातल्या रसात ऑक्सिजन-१८ थोडा जास्त असतो. घट्ट केलेल्या रसात नळाचं पाणी घालून बनवलेला ‘ताजा’ रस त्यावरून उघडा पडतो.

युरोपात हे काम जुनं आहे. फ्रान्समधल्या नान्त विद्यापीठात १९८०च्या दशकात वाइनच्या अल्कोहोलमधल्या जड हायड्रोजनवरून तिच्यात बीटची साखर घातली आहे का ते ओळखण्याची पद्धत तयार झाली, आणि पुढे युरोपीय देशांनी अस्सल वाइनच्या मोजमापांची सामायिक नोंदच उभी केली. इटलीत किसून विकलेलं चीज खरोखर पार्मिजानो रेज्जानो आहे का, हे समस्थानिकांवरून तपासतात. तिथे जे साधलं त्याचं कारण भारी यंत्रं एवढंच नाही. वर्षानुवर्षं जमवलेले अस्सल नमुने त्यांच्या हाताशी आहेत. तुलनेला नमुना नसेल तर सहावं दशांश स्थळ काय कामाचं?

कर्क्युमिनबद्दलही बोलायला हवं. वायगाव हळदीत ते सहा टक्क्यांच्या आसपास असतं, आणि ही अभिमानाची गोष्ट आहे; रंगासाठी, प्रक्रिया उद्योगासाठी तिला त्यामुळे किंमत आहे. पण ‘कर्क्युमिन जास्त म्हणून कॅन्सर बरा होतो’ असे संदेश मोबाइलवर फिरतात, ते थांबायला हवेत. कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि शोषलेलं यकृत झपाट्याने बदलून टाकतं. हळदीच्या भरवशावर कोणी उपचार लांबवले तर त्यात जीव जाऊ शकतो. जीआयच्या नावाने औषधी दावे करणारा विक्रेता त्या गावच्या शेतकऱ्याचंही नुकसानच करतो.

विदर्भात हे काम करायला माणसं आणि संस्था आहेत. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९पासून आहे, नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. माझं आग्रहाचं म्हणणं असं की यंत्राची वाट न पाहता नमुने आत्तापासून जमवावेत. समुद्रपूर, भिवापूर, पवनी, मोहाडी, काटोल, वरुड इथल्या शेतकरी गटांनी दर हंगामात आपल्या मालाचा अर्धा किलो वाळवून, धातूच्या नव्हे तर स्वच्छ काचेच्या बरणीत बंद करून ठेवावा. बरणीवर गाव, गट नंबर, वाण, विहिरीचं पाणी की कालव्याचं, कोणतं खत घातलं आणि हळद असेल तर कुठल्या पाण्यात शिजवली, हे लिहावं. त्या बरणीतलं कर्क्युमिन हळूहळू कमी होईल, वास उडेल, रंग फिका पडेल. स्ट्रॉन्शियमला काहीही होणार नाही. प्रयोगशाळा दोन वर्षांनी मिळो की वीस वर्षांनी, तो आकडा तोच निघेल.