स्तोत्र ८७ (सीयोनचं स्तोत्र) आणि त्याचा ख्रिस्ती अर्थ

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं हे ८७ वं स्तोत्र, सगळं मिळून फक्त सात वचनांचं. वर मथळ्यात कोरहाच्या मुलांचं नाव आहे, म्हणजे यरुशलेमच्या मंदिरात गायन-सेवा करणाऱ्या घराण्याचं. जुन्या ग्रीक आणि लॅटिन बायबलात नंबर एकाने मागे असल्यामुळं तिकडं हेच ८६ वं होतं, जुनी कॅथलिक पुस्तकं चाळताना हा घोळ हमखास होतो. विषय एकच : देवाची माणसं कोण, आणि ते ठरवणार कोण.

पहिली तीन वचनं वाचली तर वाटतं हे सरळसरळ शहराचं कौतुक आहे, आपल्याकडं 'जगात भारी कोल्हापुरी' म्हणतात त्याच थाटात. देवाला याकोबाच्या बाकी सगळ्या वस्त्यांपेक्षा सीयोनच्या (म्हणजे यरुशलेमच्या) वेशी प्याऱ्या, या देवाच्या नगरीबद्दल काय काय थोर बोललं जातं वगैरे. आणि मग चौथ्या वचनात एकदम गाडी वळते. देव स्वतः बोलायला लागतो आणि आपल्याला ओळखणाऱ्यांची नावं घेतो, तर ती नावं कुणाची? राहाब, बाबेल, पलेशेथ, सोर, कूश. यातलं राहाब म्हणजे मिसर देश (इजिप्त), यशयाच्या ३० व्या अध्यायातपण मिसरला हेच नाव दिलंय. ज्यांनी इस्राएलला गुलाम केलं ते मिसरी, ज्यांनी इ.स.पू. ५८७ च्या सुमाराला यरुशलेम जाळून लोकांना धरून नेलं ते बाबेलवाले (बॅबिलोनचे), ज्यांच्याशी पिढ्यानपिढ्या मारामाऱ्या ते पलेशेथचे पलिष्टी, पैशाने गब्बर असं समुद्रकाठचं व्यापारी शहर सोर, आणि नकाशाच्या पार टोकाला असलेला कूश (आजच्या सुदान-इथिओपियाच्या बाजूचा). यांच्याबद्दल देव म्हणतो की हा तिथं जन्मला, म्हणजे सीयोनेत! पुढं सहाव्या वचनात परमेश्वर लोकांची नोंद करताना परत तेच लिहितो. पाहुणा म्हणून नाही, राहायला परवानगी दिलेला म्हणूनही नाही, जन्माने इथलाच म्हणून.

आता हे नेमकं कुणाबद्दल यावर आधीपासून वाद आहे. एक मत असं की ही परदेशात विखुरलेल्या यहूदी लोकांची गोष्ट आहे, बाबेलात वाढला असला तरी मूळ त्याचं सीयोनच, आणि यहूदी परंपरेतल्या बऱ्याच भाष्यकारांचा कल या बाजूला आहे. दुसरं मत, जे ख्रिस्ती वाचनात जवळजवळ सगळीकडं धरलं जातं, ते असं की त्या परक्या देशांतली माणसंच आत घेतली जातायत. मजकूर इतका तुटक आहे की दोन्ही बसतं, काही अभ्यासकांनी तर वचनांचा क्रमच हलवून बघितलाय. मला विचाराल तर दुसरा अर्थ जास्त सरळ वाटतो, कारण नुसते आपलेच लोक मोजायचे असते तर शत्रूंची नावं एवढी ठासून घेतली नसती, आणि यशयाच्या १९ व्या अध्यायात देव मिसरला 'माझे लोक' म्हणतोच की.

नव्या करारात (बायबलच्या येशूनंतरच्या भागात) हे स्तोत्र थेट कुठं उद्धृत केलेलं नाही, पण त्याचा सूर बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो की वरची यरुशलेम आपली आई आहे, इफिसकरांना लिहितो की तुम्ही आता परके आणि उपरे राहिला नाही, पवित्र जनांच्या बरोबरीचे नागरिक आणि देवाच्या घरचे झालात. लूकच्या १० व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की भुतं तुम्हाला वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायात तर सीयोन डोंगर आणि स्वर्गातली नोंद दोन्ही एकत्र येतात. योहान ३ मधला निकदेमाशी झालेला नव्या जन्माचा संवादही याला जोडतात, आणि कूश म्हटलं की प्रेषितांची कृत्ये ८ मधला रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी आठवतोच, फिलिप्प त्याला रस्त्यातच पाणी बघून बाप्तिस्मा देतो.

पुढच्या काळात उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने या स्तोत्राला फार मोठं केलं. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं, तेव्हा ख्रिस्ती धर्मामुळंच रोम बुडालं अशी ओरड झाली, त्याला उत्तर म्हणून ४१३ च्या सुमाराला त्याने 'देवाची नगरी' हा ग्रंथ घेतला आणि १०-१५ वर्षं लिहीत राहिला. त्यातलं देवाची नगरी हे नाव कुठून आलं ते सांगताना अकराव्या भागाच्या सुरुवातीला तो याच स्तोत्राचं तिसरं वचन पुढं करतो. स्तोत्रांवरच्या प्रवचनात मात्र तो राहाब म्हणजे यरीहोची वेश्या राहाब असं धरून चालतो, हिब्रूत ही दोन नावं वेगळी आहेत, पण त्या चुकीतून त्याने काढलेला मुद्दा (वेश्यासुद्धा आत येते) स्तोत्राच्या वळणाला धरूनच आहे. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने १५५७ च्या भाष्यात वेगळी बाजू धरली : बंदिवासातून परतलेली मंडळी मूठभर, शहर पडझडीचं, अशा लोकांना धीर द्यायला हे गायलंय. १७७९ मध्ये जॉन न्यूटन या इंग्रज पाळकाने यावर इंग्रजी गीत लिहिलं, ते पुढं संगीतकार हायडनच्या १७९७ च्या चालीवर गायला लागले. ती चाल ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी केलेली आणि आज जर्मनीचं राष्ट्रगीत त्याच चालीवर आहे. सगळ्या राष्ट्रांना आत घेणारं स्तोत्र एका राष्ट्राच्या चालीवर, गंमतच आहे!

एक गोष्ट मात्र गुळगुळीत करून सांगू नये. बरीच शतकं चर्चमध्ये असं शिकवलं गेलं की सीयोन म्हणजे आता चर्च, इस्राएलचा विषय संपला. हा अर्थ स्तोत्राच्या अगदी उलटा जातो, कारण इथं कुणाचं नाव खोडलेलं नाही, नावं वाढवलीत. रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल रानटी जैतुनाच्या कलमाचा दाखला देऊन बिगरयहूद्यांना हेच बजावतो की तू मुळाला (म्हणजे इस्राएलला) आधार देत नाहीस, मूळ तुला देतंय. कॅथलिक चर्चने १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत यहूदी लोकांना देवाने टाकलेलं मानू नये हे अधिकृतपणे मांडलं, तोवर बरंच नुकसान होऊन गेलं होतं.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना (म्हणजे चर्चांना) हे स्तोत्र जरा जवळून लागतं. इथं १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर आले, १८७० मध्ये हे मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं गेलं, वाइल्डर मेमोरियल चर्चला नाव त्यांचंच. त्यांचा मुलगा रॉबर्ट, पुढं अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मिशन चळवळीत नाव काढलेला, १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला, म्हणजे 'हा तिथं जन्मला' हे उलट्या दिशेनेपण लागू होतंय. पण इथल्या मराठी ख्रिस्ती माणसाला प्रश्न वेगळाच विचारतात, तुम्ही मूळचे कोण? पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये महार-मांग समाजातून आलेली घरं बरीच आहेत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात फक्त हिंदू धरले, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाही आले. त्यामुळं सरकारी कागदावर कोणता धर्म लावायचा यावर पोराच्या ॲडमिशनचं गणित बदलतं, आणि रविवारी त्याच घरात हे स्तोत्र वाचलं जातं.

चर्चचं स्वतःचं पण रजिस्टर असतंच. जाडजूड वही, रकाने आखलेले, बाळाचं नाव, आईबापाचं नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, शेवटी पाळकाची सही. लग्न ठरलं की त्यातून दाखला काढतात, दुसऱ्या गावच्या मंडळीत गेलं की शिफारसपत्र न्यावं लागतं. या वहीत नाव असणं म्हणजे सहाव्या वचनातल्या नोंदीत असणं, असं काहीजण धरून चालतात, पण ते खरं नाही. लिहिणारा तिथं परमेश्वर आहे, पाळक किंवा पंच नव्हेत, आणि ज्यांची नावं तो लिहितोय त्यांनी अर्ज केल्याचा उल्लेख स्तोत्रात कुठंच नाही. एखाद्याला मंडळीतून काढायचं की ठेवायचं यावर मीटिंगमध्ये आवाज चढतात तेव्हा हे वचन कुणी काढत नाही, ते सोडा.

सातवं वचन छोटं आहे, गाणारे आणि नाचणारे म्हणतात की माझे सगळे झरे तुझ्यात आहेत. 'तुझ्यात' म्हणजे सीयोनेत की देवात हे स्पष्ट नाही. ख्रिस्ती भाष्यकार इथं योहान ७ मधल्या जिवंत पाण्याच्या नद्या आणि यहेज्केल ४७ मध्ये मंदिराच्या उंबऱ्याखालून निघणारं पाणी आणतात. आणि हे गाणारे कोण, तर सरळ वाचलं तर तेच मिसरी, बाबेलवाले आणि पलिष्टी, ज्यांची आत्ताच नोंद झाली.